परदेशात गोदीत चढवलेल्या बोटीसाठी सांगलीतून सुटे भाग पाठवायचे असतील तर

कुपवाड, मिरज, पलूस या पट्ट्यात शाफ्ट, बुश, इम्पेलर, कपलिंग करणारे हात भरपूर आहेत. किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना १९१० पासूनचा, त्याच्या आसपास टर्नर आणि फाउंड्रीवाल्यांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या बोटमालकाचा किंवा बोटीवर काम करणाऱ्या आपल्याच माणसाचा मेसेज येतो, ‘बोट दुरुस्तीला वर काढली आहे, प्रॉपेलर शाफ्ट आणि बेअरिंग हवंय, कधी देता?’ तेव्हा लेथवर काम करणाऱ्याला त्यात अवघड काही वाटत नाही. जॉब होतोही चांगला. गाडी अडते ती सीमेवर, आणि तोवर गोदीत उभ्या बोटीचं भाडं दररोज चढत असतं.

या कामात मी आहे आणि नव्याने येणारे त्याच त्याच चार-पाच ठिकाणी अडकताना बघतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा: पोचणाऱ्या देशात तुमच्या मालावर ड्युटी लागणार की नाही, हे बऱ्याचदा त्या मालावरून ठरत नाही. ती बोट त्या देशात कोणत्या कागदावर उभी आहे, यावरून ठरतं. खाली जो क्रम दिला आहे तो यासाठीच असा आहे.

१. आधी बोटीचे कागद, मग धातूला हात

एका देशाचा झेंडा असलेली खासगी बोट दुसऱ्या देशात गेली की तिथलं कस्टम्स तिला पाहुणी म्हणून ठराविक मुदत ठेवून घेतं. युरोपीय संघाबाहेर नोंदलेली आणि संघाबाहेर राहणाऱ्याची खासगी बोट तिथे ड्युटी-व्हॅट न भरता १८ महिने राहू शकते. मेक्सिकोत बोटीला १० वर्षांपर्यंतचा तात्पुरता आयात परवाना मिळतो. अशा पाहुण्या बोटीच्या दुरुस्तीसाठी बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांना अनेक देशांत करसवलत असते. युरोपीय संघाच्या कस्टम्स नियमांत परक्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी तशी स्वतंत्र तरतूदच आहे.

पण ही सवलत आपोआप लागत नाही. तिथल्या एजंटने ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी त्याच्या हातात कागद लागतात. म्हणून ऑर्डर पक्की करण्याआधी बोटमालकाकडून एवढं मागून घ्या:

- बोटीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत: नाव, झेंडा, नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येईल अशी
- त्या देशातल्या तात्पुरत्या प्रवेशाचा परवाना किंवा बंदरावर दाखल होताना मिळालेला कस्टम्सचा कागद
- मालकाच्या पासपोर्टचं फोटोचं पान
- गोदीचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या कस्टम्स एजंटचं नाव, फोन, ईमेल
- त्या एजंटचा एक ईमेल: माल कोणाच्या नावे पाठवायचा, पेटीवर काय लिहायचं, बिलात कोणतं वाक्य हवं

शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. बोटमालक सांगेल, ‘मागच्या वेळी काही लागलं नव्हतं.’ त्यावर जाऊ नका. एजंटचं लेखी उत्तर आल्याशिवाय तुमचं बिल बनवू नका.

परवान्याची मुदत कधी संपते तेही बघा. मुदत संपत आली असेल आणि माल तिथे पोचायला वेळ लागणार असेल, तर मुदतवाढीचं आधी होऊ द्या. मुदत संपलेल्या बोटीच्या नावे आलेली पेटी म्हणजे साधी आयात, आणि वर बोटीची चौकशी.

बोट त्याच देशात नोंदलेली असेल, किंवा भाड्याने पर्यटक फिरवण्याचा धंदा करत असेल, तर बहुतेक ठिकाणी ही सवलत विसरायची. अशा वेळी मूळदेश प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतात बनल्याचा दाखला, कामाला येतं. भारताचा संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून. श्रीलंकेशी तर २००० सालापासून आहे. माल कराराच्या नियमात बसत असेल तर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून प्रमाणपत्र काढा, तिथली ड्युटी कमी होते किंवा माफ होते. स्थानिक व्हॅट मात्र त्याने माफ होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

२. माप आणि धातू

हा भाग लांबला तरी चालेल, कारण इथे चुकलेला जॉब परत आणणं म्हणजे दोन्ही बाजूंचं भाडं आणि दोन्ही बाजूंचं कस्टम्स.

बोटमालक पहिल्यांदा म्हणतो, ‘जुना शाफ्ट तुमच्याकडे पाठवतो, तसाच करून द्या.’ ते टाळा. जुना शाफ्ट भारतात येताना आयात म्हणून येतो, त्याची बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) भरावी लागते, आणि त्यात आठवडे जातात. त्याऐवजी मापं मागवा, पण मोघम नकोत. व्हर्निअर लावलेला प्रत्येक फोटो मागा, आकडा दिसला पाहिजे.

प्रॉपेलर बसतो ते शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि सगळा घोळ त्या टेपरमध्ये होतो. अमेरिकी पद्धतीच्या बोटींवर १:१६ चा टेपर जास्त दिसतो, युरोपात १:१० चा, आणि जुन्या इंग्लिश बोटींवर १:१२ चाही. फोटोत हे तिन्ही सारखेच दिसतात. मोठ्या टोकाचा व्यास घ्यायला सांगा, तिथून बरोबर १०० मिमी पुढे जाऊन पुन्हा व्यास घ्यायला सांगा. पहिला ४० आणि दुसरा ३३.७५ आला तर १:१६. दुसरा ३० आला तर १:१०. साधारण ३१.६७ आला तर १:१२. उत्तर या तिन्हींच्या मधे कुठेतरी आलं तर माप चुकलंय, परत घ्यायला लावा. शक्य असेल तर गोदीतल्या माणसाकडून प्रॉपेलरच्या बोअरचंही दोन्ही तोंडाला माप घ्या, म्हणजे पडताळा होतो.

शाफ्टचा मूळ व्यास मोजताना बेअरिंगखालची आणि पॅकिंगखालची जागा सोडून मोजायला सांगा. तिथे शाफ्ट झिजलेला असतो. आणि ३८ आला म्हणून ३८ धरू नका. दीड इंची शाफ्ट ३८.१ मिमीचा असतो, त्याचं बेअरिंग इंचात येतं. बोट कुठे बांधली हे विचारलं की निम्मा उलगडा होतो. आटे मेट्रिक की इंची, किल्लीच्या गाळ्याची रुंदी-खोली, कपलिंगच्या टोकाला टेपर आहे की सरळ, हेही त्याच दमात विचारून घ्या.

आता धातू. आपल्याकडे कृष्णेच्या गोड्या पाण्यात साध्या स्टेनलेसचा शाफ्ट आणि पितळी फिटिंग वर्षानुवर्षं चालतं. समुद्रात तसं होत नाही. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस समुद्राच्या बोटीला देऊच नका. बोट उभी असताना रबरी बेअरिंगच्या आत पाणी साचून राहतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि स्टेनलेसवरचा संरक्षक थर परत तयार होत नाही. मग वरून चकचकीत दिसणाऱ्या शाफ्टला आतून भोकं पडत जातात. ३१६ त्याच्यापेक्षा बरं, पण तेही अशा साचलेल्या पाण्यात पूर्ण सुरक्षित नाही. २२०५ डुप्लेक्स किंवा ॲक्वामेट २२ जातीचा बार मिळाला तर तोच वापरा. महाग पडतो, पण शाफ्ट बदलायचा म्हणजे बोट पाण्याबाहेर काढायला लागते, म्हणून जाणता मालक त्या पैशाला हरकत घेत नाही.

पितळाचंही तसंच. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं, हातोडीचा हलका टोला बसला तरी तुटणारं. बोटीच्या तळाला भोक पाडून बसवायच्या फिटिंगसाठी हे जिवावरचं आहे. तिथे गनमेटल, किंवा जस्त न सोडणारं खास डीझेडआर पितळच द्या. ‘मँगनीज ब्राँझ’ म्हणून जे ओततात त्यात जस्त भरपूर असतं, नावाला ब्राँझ असलं तरी जात पितळाची. प्रॉपेलर ओतायची ऑर्डर असेल तर निकेल ॲल्युमिनिअम ब्राँझचं विचारा, आणि आपल्या फाउंड्रीला तो मिश्रधातू खरंच जमतो का हे आधी एक तुकडा ओतून तपासून घ्या.

बोटीच्या तळाला, बाकीच्या धातूऐवजी झिजायला म्हणून जे धातूचे गोळे लावतात, त्यांची मागणीही येते. खाऱ्या पाण्याला जस्ताचे, गोड्या पाण्याला मॅग्नेशिअमचे, खाडीच्या मचूळ पाण्याला ॲल्युमिनिअमचे. बोट कुठे फिरते हे विचारल्याशिवाय पाठवू नका.

बार विकत घेतानाच ३.१ प्रकारचं मटेरिअल टेस्ट सर्टिफिकेट घ्या. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे बार ज्या वितळणीतून निघाला तिचा क्रमांक, जॉबच्या कपलिंगकडच्या तोंडावर पंचने ठोका, आणि ठोकलेल्या नंबराचा फोटो काढून ठेवा. विमा सर्वेक्षक किंवा तिथला कस्टम्स अधिकारी धातूबद्दल विचारतो तेव्हा कागदावरचा नंबर आणि जॉबवरचा नंबर जुळला की वाद तिथेच संपतो.

३. आपल्या बाजूची तयारी

जीएसटी नोंदणी बहुतेकांची असतेच. त्याशिवाय तीन गोष्टी लागतात.

पहिली, आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे मिळतो, फी ५०० रुपये. एजंट यासाठी हजारो रुपये मागतात, ते द्यायची गरज नाही. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो. काहीही बदललं नसलं तरी ‘बदल नाही’ म्हणून खात्री द्यावी लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि ते नेमकं माल बंदरावर असताना कळतं.

दुसरी, एलयूटी. निर्यातीवर जीएसटी शून्य दराने लागतो, पण कर न भरता माल पाठवायचा तर जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ फॉर्म भरून हे हमीपत्र द्यावं लागतं. ते आर्थिक वर्षापुरतंच चालतं. मार्चअखेरीस बिल केलं आणि एप्रिलात दुसरं, तर नवं एलयूटी लागेल. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर कर १८ टक्के व्याजासह भरायचा. म्हणून जॉब तयार व्हायच्या आधी बिल फाडून ठेवू नका.

तिसरी, बँकेचा एडी कोड, म्हणजे परदेशी व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक. तुमचं चालू खातं ज्या बँकेत आहे तिच्याकडून पत्र घ्यायचं आणि आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर तो कोड नोंदवायचा. कोणत्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार त्या प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी नोंद लागते. मुंबईच्या एअर कार्गोसाठी केली म्हणून न्हावा शेवाला चालत नाही.

इथे सांगलीकरांना एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. तासगाव-मिरज पट्ट्यातून द्राक्षं, बेदाणा, हळद परदेशी जाते. त्या लोकांना कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत परदेशी व्यवहार समजणारा माणूस बसतो, कोणता कस्टम्स ब्रोकर फोन उचलतो, हे पक्कं माहीत असतं. आपण इंजिनिअरिंगवाले त्यांच्याकडे जात नाही. जा. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्स अर्ज, हळदीचं असो की शाफ्टचं, खिडकी तीच असते.

पैशाबद्दल एवढंच: शक्यतो पूर्ण आगाऊ घ्या, बँकेला पी०१०३ हा उद्देश कोड सांगा, बचत खात्यात किंवा नातेवाइकाच्या खात्यात मागवू नका. बोटी बऱ्याचदा एखाद्या कंपनीच्या नावावर असतात आणि मालक पैसे स्वतःच्या खात्यातून पाठवतो. बिलावरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव वेगळं दिसलं की बँक अडवते. कोण पैसे पाठवणार हे आधीच विचारून बिलात आणि बँकेच्या पत्रात तसं नमूद करा.

४. एचएसएन कोड: ८९०३ लिहू नका

एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गवारीचा कोड. बोटीचा भाग आहे म्हणून बोटीचाच कोड टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. प्रकरण ८९ मध्ये बोटी आणि जहाजं आहेत, त्यांच्या सुट्या भागांसाठी तिथे शीर्षकच नाही. शिपिंग बिलावर ८९०३ लिहिलं तर कागदोपत्री तुम्ही अख्खी यॉट पाठवताय. प्रत्येक भाग आपापल्या जागी जातो:

- प्रॉपेलर आणि त्याची पाती: ८४८७ १०
- शाफ्ट, बेअरिंग हाउसिंग, गिअर, कपलिंग: ८४८३
- इंजिनाचे भाग: ८४०९
- पंपाचा इम्पेलर, पंपाची बॉडी: ८४१३ खाली
- व्हॉल्व्ह, पाण्याचे कॉक: ८४८१
- मेकॅनिकल सील: ८४८४
- नट-बोल्ट: लोखंड-स्टेनलेसचे ७३१८
- नांगर ७३१६, साखळी ७३१५
- शिडाचं कापड शिवून तयार केलेलं शीड: ६३०६
- जस्ताचे गोळे: ७९०७

पूर्ण आठ आकडी कोड ब्रोकरकडून नक्की करून घ्या. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, त्यामुळे तिथल्या एजंटलाही तेच आकडे कळवा. दोन्हीकडे वेगळे पडले तर पेटी उघडली जाते.

सोनार, जायरो, दिशादर्शक उपकरणं अशा वस्तू असतील तर स्कोमेट यादी तपासल्याशिवाय पाठवू नका. ती दुहेरी वापराच्या वस्तूंची यादी आहे, तिथे दंडावर भागत नाही, गुन्हा दाखल होऊ शकतो.

५. बिल आणि पॅकिंग लिस्ट

माल घेणाऱ्याच्या जागी बोटीचं नाव आधी येऊ द्या, मग ‘मार्फत’ म्हणून एजंटचं किंवा गोदीचं नाव. माझ्या पाहण्यातल्या एका खेपेत गोदीच्या स्टोअरवाल्याने आग्रह धरून स्वतःच्या कंपनीच्या नावे माल मागवला होता. कस्टम्सच्या दृष्टीने ती त्या देशातल्या कंपनीची साधी आयात झाली, बोटीची सवलत हाताशी असून वापरता आली नाही, आणि भुर्दंड बोटमालकाला पडला.

बिलात ठळक एक ओळ घाला: ‘यॉट इन ट्रान्झिट’साठीचे (वाटेत थांबलेल्या परदेशी बोटीसाठीचे) सुटे भाग, पुढे बोटीचं नाव, झेंडा, नोंदणी क्रमांक. एजंटने वेगळं वाक्य सांगितलं असेल तर त्याचंच वापरा, आपली भर घालू नका.

वर्णन ‘बोट पार्ट’ एवढंच लिहून भागत नाही. ‘प्रॉपेलर शाफ्ट, डुप्लेक्स स्टेनलेस २२०५, व्यास ३८.१ मिमी, लांबी २५०० मिमी, नग १’ असं लिहा. परदेशातला अधिकारी तुमचा माल न उघडता ओळखू शकला पाहिजे.

किंमत खरी लिहा. बदली म्हणून फुकट दिलेल्या भागाचीही किंमत टाकावी लागते. ‘मूल्य नाही’ लिहिलं की अधिकारी स्वतः मूल्य ठरवतो, आणि ते तुमच्यापेक्षा जास्तच निघतं. कमी किंमत दाखवायचा आग्रह बोटमालकाकडून होतो, त्याला ठाम नकार द्या. विम्याचा दावा त्याच बिलावर होणार असतो.

अटीत डीडीपी मान्य करू नका. त्याचा अर्थ तिथली ड्युटी, व्हॅट, एजंट सगळं तुमच्या माथी. डीएपी (माल तिथपर्यंत पोचवायचा, ड्युटी गिऱ्हाइकाची) ठीक आहे, नवख्यांसाठी एफसीए (माल इथेच वाहतूकदाराच्या ताब्यात द्यायचा) त्याहून सोपं.

शिपिंग बिलात मालाचा मूळ जिल्हाही भरावा लागतो. मुंबईचा ब्रोकर सवयीने मुंबई टाकतो. सांगली लिहायला सांगा. तिथेच रोडटेप किंवा ड्रॉबॅक (निर्यातीवर कर परत मिळण्याच्या योजना) घेणार असल्याची नोंद होते का तेही विचारा, नंतर ती घालणं फार किचकट आहे.

६. पेटी

वखारीतून आंब्याच्या किंवा बाभळीच्या फळ्या आणून सुताराकडून खोकं ठोकून घेणं आपल्याकडे सरसकट चालतं. परदेशी मालाला ते चालत नाही. लाकडातून किडे जाऊ नयेत म्हणून आयएसपीएम-१५ हा नियम आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं पोचलं पाहिजे आणि पेटीवर गव्हाच्या लोंबीच्या खुणेचा शिक्का पाहिजे. शिक्का फक्त परवानाधारक उपचार केंद्रच मारतं. शिक्का नसलेली पेटी परत पाठवतात किंवा मालासकट अडवून धुरी देतात. प्लायवूडला हा नियम लागत नाही, त्यामुळे लहान मालाला सगळं खोकं प्लायचं करणं सोपं. मात्र आतले टेकूसुद्धा प्लायचेच हवेत. बाहेरून प्लाय आणि आत कच्च्या लाकडाचे दोन ठोकळे, यावरही पेट्या अडतात.

शाफ्ट पाठवताना तो सरळ राहणं हेच मुख्य. २.५ मीटरचा, ३८ मिमीचा स्टेनलेस शाफ्ट साधारण २२-२३ किलोचा भरतो. दोनच टोकांना टेकवलेला असेल आणि वरून दुसऱ्याची जड पेटी पडली की तो वाकतो, आणि डोळ्यांना दिसणार नाही एवढा वाकही बोटीत थरथर आणतो. दर ५०-६० सेंटिमीटरवर प्लायचे अर्धगोल गाळे कापून त्यात शाफ्ट बसवा, गाळ्यांना फेल्ट लावा. टेपरवर आणि आट्यांवर जाड प्लास्टिकच्या टोप्या घाला. आत गंजरोधक व्हीसीआय कागद गुंडाळा. निघण्यापूर्वी शाफ्ट व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावा, आकड्यासकट व्हिडिओ काढा आणि बोटमालकाला त्याच दिवशी पाठवा. वाटेत वाकला की मुळातच वाकडा होता, हा प्रश्न मग उरत नाही.

पेटीच्या दोन बाजूंवर मोठ्या अक्षरात बोटीचं नाव, ‘यॉट इन ट्रान्झिट’, झेंडा, नोंदणी क्रमांक, एजंटचा फोन. कागदाचं लेबल चिकटवून थांबू नका, मार्करने लाकडावरही लिहा. पावसात लेबल गळून पडतं.

७. कुरिअर, एअर कार्गो की जहाज

दर मागताना वजनासोबत पेटीचं बाहेरचं माप द्या. भाडं खऱ्या वजनावर किंवा आकारमानाच्या वजनावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून कुरिअरवाले ५००० ने भागतात, एअर कार्गोवाले ६००० ने. ६० × ६० × ३० च्या पेटीतला प्रॉपेलर १५ किलोचा असला तरी कुरिअरला तो २१.६ किलो धरला जातो, कार्गोला १८. सुताराला पेटी जरा ऐसपैस करू दिली की पैसे हवेचे जातात.

लहान भागांना कुरिअर बरं. फक्त व्यापारी निर्यात म्हणून सीएसबी-५ या कुरिअर शिपिंग बिलावर पाठवा. कुरिअरच्या काउंटरवरचा मुलगा घाईत ‘नमुना’ किंवा ‘भेट’ म्हणून सीएसबी-४ वर टाकून देतो, मग तुमच्या नावे निर्यात दिसत नाही आणि बँकेत आलेल्या पैशाचा मेळ बसत नाही. शिवाय कुरिअर कंपन्या पोचल्यावर आपल्याच ब्रोकरकडून माल सोडवतात, नेहमीच्या पद्धतीने ड्युटी लावून. बोटीची सवलत हवी असेल तर बुकिंग करतानाच तिथला ब्रोकर कोण हे लिहून द्यायला लागतं.

लांब शाफ्टला मुंबईचं एअर कार्गो. सांगलीहून पेठ नाक्यावरून महामार्गाला लागणारा रात्रीचा टेम्पो सकाळी सहारला पोचतो. मालाची किंमत ठरलेल्या मर्यादेवर असेल तर ई-वे बिल (रस्त्याने माल नेण्याचा जीएसटीचा कागद) सोबत द्या, निर्यात आहे म्हणून ते माफ नसतं. न्हावा शेवाहून जहाजाने सुटा माल पाठवणं स्वस्त, पण सुट्या भागांसाठी बोट गोदीत उभी असताना तो हिशेब सहसा बसत नाही.

विमा बिल अधिक भाडं यांच्या ११० टक्के रकमेवर, सर्व जोखमींचा घ्या.

रंग, रेझिन, हार्डनर, स्प्रे, धूरनळकांड्या, बॅटऱ्या यांची मागणी सुट्या भागांच्या यादीत हमखास घुसते. हा सगळा धोकादायक माल. शाफ्टच्या पेटीत कोपऱ्यात एक हार्डनरची बाटली सापडली तरी पूर्ण खेप अडते. सरळ सांगा, हे तिकडेच घ्या.

८. माणूसच घेऊन जात असेल तर

बोटीवर कामाला जाणारा आपला माणूस बॅगेतून बेअरिंग, सील, इम्पेलर नेऊ शकतो, आणि घाईच्या वेळी हाच जवळचा रस्ता. पण बिल, बोटीच्या नोंदणीची प्रत आणि मालकाचं पत्र त्याच्या हातातल्या बॅगेत असलं पाहिजे. उतरल्यावर त्याने लाल मार्गाने जाऊन माल दाखवावा. हिरव्या मार्गाने जाताना सापडला तर सवलत असलेला मालही जप्त होतो, आणि पोराच्या पासपोर्टवर नाव लागतं ते वेगळं.

एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर विमान कंपन्या घेत नाहीत. वापरलेला फ्युएल पंप किंवा कार्ब्युरेटर नेऊ नका, पेट्रोलचा वास आला तरी उतरवतात. सुट्या लिथिअम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

हत्यारं परत आणायची असतील, म्हणजे डायल गेज, पुलर, अलाइनमेंटची साधनं, तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून क्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. ते नसलं तर परत येताना ती नवी खरेदी समजली जाते. हत्यारं बरीच आणि महाग असतील तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं परदेशात नेऊन परत आणण्याचा कागद) काढा, भारतात ते फिक्की देते, मुदत एक वर्ष. बोटीत बसवून टाकायचे भाग मात्र कार्नेवर कधीच नेऊ नका. कार्नेवर गेलेली प्रत्येक वस्तू परत यावी लागते.

९. पोचल्यानंतरची कामं

माल गोदीत पोचला की बोटमालकाकडून तीन गोष्टी मागा: पेटी उघडतानाचे फोटो, कस्टम्सने दिलेल्या सोडवणुकीच्या कागदाची प्रत, आणि भाग बसवल्याची गोदीची पावती. काढलेला जुना शाफ्ट भंगारात द्यायच्या आधी तिथल्या एजंटला विचारायला सांगा. काही ठिकाणी जुना भाग दाखवावा लागतो.

इकडे ब्रोकरकडून शिपिंग बिलाची अंतिम प्रत घ्या आणि ती बँकेत द्या. बँकेच्या प्रणालीत ते शिपिंग बिल तुमच्या आलेल्या पैशाशी जोडलं गेलं पाहिजे, नाहीतर निर्यात उघडी राहते आणि पुढच्या खेपेला अडचण येते. त्यानंतर डीजीएफटीवरून ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, काढून ठेवा. जीएसटीच्या जीएसटीआर-१ विवरणपत्रात शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख आणि पोर्ट कोड जसाच्या तसा भरा.

जॉबमध्ये खोट निघाली आणि तो दुरुस्तीला परत आणायची वेळ आली, तर काही हलवायच्या आधी ब्रोकरला मूळ शिपिंग बिल दाखवा. परत येणारा भाग आणि गेलेला भाग एकच आहे, हे सिद्ध करावं लागतं. जॉबवर ठोकलेला हीट नंबर आणि त्याचा काढून ठेवलेला फोटो तेव्हा शिपिंग बिलासोबत जोडा.